वाचता न येणाऱ्या आयांपर्यंत जुलाब आणि ओआरएसची माहिती कशी पोहोचवावी?

तुम्ही विचारलंय, पालघरकडच्या पाड्यांवर जुलाबाविषयी सांगायचंय, ऐकणाऱ्यांत वारली बोलणाऱ्या आज्या आहेत आणि दहावी झालेल्या सुनाही, तर पोस्टर कसं करावं? मी अशाच भागात आरोग्य कार्यकर्ती आहे. माझं म्हणणं, पोस्टर नंतर. आधी त्यांच्याकडून ओआरएसचं, म्हणजे क्षार-साखरेच्या पुडीचं, पाणी तयार करून घ्या.

पुडी एक लिटर पाण्यात टाका, हे सगळेच सांगतात. पण घरात लिटरचं माप असतं कुठे? मग अर्धी पुडी पेलाभर पाण्यात जाते, पाणी खारट होतं आणि लेकराला उलटा अपाय होतो. म्हणून मी बाईला तिचाच तांब्या नाहीतर पातेलं आणायला सांगते. लिटरच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतून कुठवर येतं ते तिने बघायचं. पुडी तिनेच फोडायची, तिनेच ढवळायचं, चवही तिनेच बघायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर माप चुकलंय. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

सगळ्यात जास्त घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. “पाजलं, पण जुलाब थांबले नाहीत” असं म्हणून आई पाजणं सोडते. ओआरएस जुलाब थांबवत नाही, अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं. हे पहिल्याच वाक्यात सांगा. ओआरएससोबत देतात त्या झिंकच्या गोळीचंही सांगा, जुलाब थांबले तरी ती 14 दिवस पुरी करायची.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 पासून घरोघरी आयांना मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. (आज पुडी मिळते, तीच वापरा.) शिकवणाऱ्या बायांचा मेहनताना नुसता घरं मोजून ठरत नसे. नंतर दुसरं माणूस जाऊन आईला विचारी, आणि तिला किती आठवतं, करता येतं का, त्यावर पैसे ठरत. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. “समजलं का?” विचारलं की सगळ्या हो म्हणतात. आठ दिवसांनी जाऊन “दाखव बरं करून” म्हणा.

सासूला आणि नवऱ्याला वगळू नका, दवाखान्यात न्यायचं की नाही हे बऱ्याचदा तेच ठरवतात. शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, मूल पाणीच पीत नाही, एवढ्या खुणा त्यांना पाठ हव्यात.

पोस्टर करालच तर छापण्याआधी कच्चं चित्र पाड्यावर न्या आणि त्यात काय दिसतं ते आज्यांनाच विचारा. त्यांनी भलतंच सांगितलं तर चित्र बदला.