चीनची शह की चीनला शह?

कसबा बावड्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं दोन मथळे वहीत उतरवून पाठवलेत. पहिला ‘मालदीवला चीनची शह’. दुसरा ‘मिनिकॉयच्या तळामुळे चीनला शह’. तिचा प्रश्न: शह ‘तो’ की ‘ती’? आणि एकाच शब्दानं एकीकडे मदत आणि दुसरीकडे अडवणूक कशी होते?

दुसरा मथळा मराठी आहे. पहिला हिंदी आहे, नुसता मराठीचा सदरा घालून आलाय.

मराठीत शह पुल्लिंगी. शह दिला, शह बसला. शब्द बुद्धिबळातला. फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर रोख धरला की समोरच्याला तसं बोलून सांगायचं. इंग्रजीतला चेक याच घराण्यातला, अगदी बँकेत भरायचा चेकसुद्धा! हिंदीत मात्र शह स्त्रीलिंगी, आणि तिला आणखी एक अर्थ आहे: आतून दिलेली चिथावणी. ‘किसकी शह पर’ म्हणतात ते यातलं. हिंदी बातमी घाईघाईत मराठीत उतरवली की ही ‘शह’ तशीच खाली येते.

या हिंदी ‘शह’साठी आपल्याकडं फूस आहे. पण जपून. मालदीवमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मुइझ्झू अध्यक्ष झाले, त्यांनी भारतीय सैनिक परत न्यायला सांगितलं आणि १० मे २०२४ पर्यंत ते परतलेही. यामागं ‘चीनची फूस’ होती असं लिहिलं तर तो आरोप झाला. ‘चीनचं पाठबळ’ लिहिलं तर वर्णन. मथळा देणाऱ्यानं आधी आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवावं. ‘चीनची शह’ लिहून दोन्हींतून सुटता येतं, म्हणून तर ती आवडत असावी.

आता काटशह, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. आमच्या मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर संध्याकाळी पट मांडला जातो. परवा एका काकांनी हत्तीनं शह दिला. समोरच्यानं राजा हलवलाच नाही. मध्ये उंट सरकवला, आणि त्याच उंटाचा रोख काकांच्या राजावर. काकांचा चहा गार झाला. याला काटशह म्हणतात: आलेला शह कापायचा आणि त्याच चालीत उलटा द्यायचा. नुसतं प्रत्युत्तर म्हणजे काटशह नव्हे.

हे लक्षात ठेवून बातम्या बघ. चीननं २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत लष्करी तळ उघडला, त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीकडं गेलं. भारतानं मॉरिशसच्या अगालेगा बेटावर धावपट्टी बांधून दिली, मार्च २०२४ मध्ये लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला आयएनएस जटायू हा नौदलाचा तळ सुरू केला. यातला प्रत्येक प्रकार कुठल्या तरी मथळ्यात काटशह होतो. पण जटायू आला म्हणून जिबूतीचा तळ उठला नाही. मग कापलं काय? फार तर शह म्हणा. ‘मात’ तर कुणीच कुणावर केलेली नाही.

माझं विचारशील तर बुद्धिबळ सोडून तालमीत यावं. तिथं या अवस्थेला नेमका शब्द आहे, खडाखडी. डाव टाकण्याआधी दोन पैलवान हाताला हात भिडवतात, मानेवर पंजा टाकतात, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते चाचपतात. आज बंदरात जहाज लावायचं, उद्या बेटावर धावपट्टी करायची, हे दुसरं काय आहे? ‘हिंदी महासागरात खडाखडी’ असा मथळा मी अजून वाचलेला नाही. सगळे एकदम ‘शड्डू’वर उडी मारतात.

खडाखडी पाहिली नसशील, तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या लागल्या की जा आणि मोठ्या कुस्तीची पहिली पाच मिनिटं बघ. त्या वेळी लोक ओरडत नाहीत, नुसते पाय बघत असतात.