चरबी कमी करण्यासाठी दिवसाला नेमक्या किती कॅलरी घ्याव्यात?

वय ३५, वजन ७० किलो, उंची १६० सेंमी. ९०० कॅलरींवर राहूनही वजन हलत नाही, असे आपण लिहिले आहे, ताई. कृपया इतके कमी खाऊ नका.

आपण दिवसभर पडून राहिलात तरी हृदय, मेंदू, यकृत यांच्या कामाला जी ऊर्जा लागते, तो मूलभूत चयापचय दर होय. स्त्रियांसाठी वजनाची १० पट आणि उंचीची ६.२५ पट यांच्या बेरजेतून वयाची ५ पट व १६१ वजा केले की तो अंदाजे मिळतो. आपला १,३६४ येतो. हलक्या हालचालीसाठी त्याला १.३७५ ने गुणल्यास रोजचा खर्च सुमारे १,८७५ होतो. त्यातून ३०० ते ४०० कमी करणे पुरेसे आहे, कारण फार मोठ्या तुटीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि चयापचय मंदावतो.

मात्र मोजणीतली चूक आधी तपासा. फोडणीचे तेल आपण अंदाजानेच ओततो, आणि १५ मिली तेलातच सुमारे १२० कॅलरी असतात. आठवडाभर ते चमच्याने मोजून पाहा, आणि डाळ, दही, अंडी यांतून प्रथिने वाढवा. थायरॉइडची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.