पन्नाशीनंतर त्वचेसाठी साधं आणि पुरावा असलेलं रुटीन कोणतं? या वयात सुरू करून उपयोग होतो का?

तुमच्या प्रश्नातल्या 'या वयात' या दोन शब्दांमुळे लिहायला बसले. वय ५७, राहते गोव्यातल्या पेडण्यात. सहा बाटल्या आणून ठेवल्यात असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या लागत नाहीत.

आठ वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तीन महिने त्यांना मीच आंघोळ घालत होते. त्यांचं निम्मं आयुष्य आगरवाड्याच्या मिठागरांत गेलेलं. वर ऊन, खाली चकाकणारं पाणी. चेहरा, मान, कोपराखालचे हात सुकलेल्या कोकमाच्या सोलांसारखे झालेले, त्यावर काळे डाग. पहिल्या दिवशी पाठ चोळायला घेतली आणि बघतच राहिले. पोलक्याच्या रेषेच्या आत ८१ वर्षांची ती पाठ थोडी पातळ झालेली, पण मऊ. सुरकुत्या जवळजवळ नाहीत, डाग एकही नाही. बाई तीच, वय तेच, खाणं तेच, अंगाला लावायचं खोबरेलही तेच. फरक फक्त उन्हाचा.

त्याआधीच्या चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना नणंदबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "घरात सून आली, आता तोंडाला फासून कोणाला दाखवायचंय? आमच्या आयेनं कधी काय लावलं?" मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला अजून सलतं. याचं उत्तर त्यांच्या आईच्याच पाठीवर होतं. आजारपणात त्या दर रविवारी यायच्या, हॉलमध्ये बसून जायच्या. आंघोळीच्या वेळी एकदा आल्या असत्या तर मला काही बोलावंच लागलं नसतं.

म्हणून सकाळी सनस्क्रीन. एसपीएफ (बाटलीवरचा संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी हे उन्हातले दोन्ही अतिनील किरण अडवणारं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर घ्यायचं, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. वाटाण्याएवढं लावणं म्हणजे न लावल्यासारखंच. पावसाळ्यातही लावा, यूव्हीए ढगांतून आणि काचेतूनही येतो. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, निष्कर्ष २०१३ साली छापून आले. रोज लावणाऱ्यांची त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. ते लोक ५५ च्या आतले आणि बहुतेक गोरे होते, हेही सांगते. आपल्या रंगाला सुरकुत्यांच्या आधी डाग पडतात. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाचं सनस्क्रीन घ्या. साधं सनस्क्रीन डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही, आणि तोही वांग गडद करतो.

रात्री ट्रेटिनॉइन, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं औषधी क्रीम. सुरकुत्यांवर याच्याइतका जुना, भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या क्रीमचा नाही, १९८० च्या दशकापासूनचा. डॉक्टरांना विचारून कमी टक्क्यापासून, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं. सुरुवातीला सालं निघतात, फरक दिसायला सहा महिने लागतात. त्यावर साधं ग्लिसरीनवालं मॉइश्चरायझर. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश. कोलॅजनच्या पावडरीवर पैसे घालवू नका.

गरोदर बाईने ट्रेटिनॉइनला हात लावू नये. आणि फार्मसीत 'चार दिवसांत उजळ' म्हणून देतात त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल तर क्रीम नको, आधी डॉक्टर.

नणंदबाईंना अजून पटलेलं नाही. त्यांची नात मात्र रोज उन्हातून स्कूटरने म्हापशाला कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, आणि मी तिला दोन बोटांचं माप दाखवलं. हातांच्या पाठीलाही लावायला सांगितलं. हँडलवर ऊन तिथेच पडतं.