साहेब कसा आहे ते नंतर बघ, आधी कागद वाच

अरे भाऊ, तुझा मेसेज दोनदा वाचला. एवढा लांबलचक मेसेज रात्री दीड वाजता टाइप करून राहिला म्हणजे अकराचा कॉल किती वाजता संपला ते कळलंच मला. तुझं म्हणणं असं की नागपुरात मिहानच्या आयटी कंपनीत चार वर्षं झाली, पगार बरा आहे पण मॅनेजर रात्री अकराला कॉल लावतो आणि रविवारी "छोटंसं काम आहे" म्हणतो, जर्मनीतून पीएचडीची ऑफर आलीय, ६५ टक्के पगाराची, एक मित्र म्हणतो अमेरिकेत मास्टर्स कर, दुसरा म्हणतो जर्मनीतच सरळ जॉब शोध. आणि खरा प्रश्न तू शेवटी एका ओळीत टाकलाय: "ताई, तिकडचे बॉस तरी माणसासारखे असतात ना, आणि रिसर्चला मान असतो ना?"

आधी बॉसचं घेऊ, कारण मी पण २०१४ मध्ये हेच डोक्यात घेऊन आली होती.

मी मेटलर्जीची, म्हणजे धातूंच्या इंजिनिअरिंगची. आमच्या ब्रँचला प्लेसमेंटमध्ये कोणी विचारत नव्हतं आणि आमचा एकच आधार होता, तो म्हणजे सुंदर पिचाई, कारण तो पण मेटलर्जीवाला, आयआयटी खरगपूरचा. तो २०१५ मध्ये गूगलचा सीईओ झाला तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर असे मेसेज पडले जसं काही आमचं प्रमोशन झालं. मग जानेवारी २०२३ मध्ये त्याच पिचाईने १२,००० लोकांना काढायचं जाहीर केलं आणि लिहिलं की ही वेळ आणणाऱ्या निर्णयांची पूर्ण जबाबदारी मी घेतो. दोन महिने आधी फेसबुकवाल्या मेटाने ११,००० काढले, तिथे झुकरबर्गनेही जबाबदारी घेतली. आता मला सांग, जबाबदारी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं बे? खुर्ची सुटली नाही. पिचाईचं २०२२ चं पॅकेज, बहुतेक शेअर्समधलं, साधारण २२.६ कोटी डॉलरचं होतं. झुकरबर्गला तर कोणी काढूच शकत नाही, त्याच्याकडचे शेअर असे आहेत की एका शेअरला दहा मतं, म्हणजे मालकी थोडी आणि मतं निम्म्याहून जास्त. ही माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पिचाई भेटला तर अजून पण सेल्फी घेईन. पण माणूस गोड बोलतो की तिखट याने तुझ्या नोकरीला काही फरक पडत नाही, फरक पडतो तो याने की त्याला तुला बाहेर काढायचं झालं तर कोणाला विचारावं लागतं.

आणि जर्मन साहेब म्हणजे हरिश्चंद्र, हे पण डोक्यातून काढ. २०१५ मध्ये फोक्सवागनने डिझेल गाड्यांमध्ये धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर घातल्याचं बाहेर आलं आणि सीईओला जावं लागलं, २०२० मध्ये वायरकार्ड नावाची ऑनलाइन पेमेंटची कंपनी बुडाली, हिशोबातले १.९ अब्ज युरो सापडेचनात आणि सीईओला अटक झाली. लोभ सगळीकडे सारखाच.

मग फरक कुठे आहे? माझ्याच वर्षाची गोष्ट सांगते. माझी मैत्रीण, सोबतच शिकलो, ती अमेरिकेत एका मोठ्या कंपनीत होती. २०२३ मध्ये सकाळी उठली तर लॅपटॉप लॉक, पर्सनल मेलवर एक पत्र. एच-वन-बी वर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर होती, नोकरी गेल्यापासून ६० दिवस, त्यात नवीन कंपनी नाही मिळाली तर सामान बांधा. पोरगी दुसरीत, घराचं कर्ज चालू. तिने त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी मिळवली, कमी पगाराची, आणि ती आजपर्यंत त्या दोन महिन्यांबद्दल बोलत नाही. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या रांगेत ती उभी आहेच, तिथे एका देशाला ७ टक्क्यांच्या वर कोटा नाही, मग आपल्या देशाची रांग किती असेल ते समज. तुझा मित्र मास्टर्सचं सांगून राहिला, त्याला हे विचार. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यासाठी नवीन एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरची फी लावली, ते पण विचार.

आता माझं. मी दक्षिण जर्मनीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. २०२४ मध्ये आमच्याकडे पण नवीन बॉस आला, काळी पोलो नेक घालून स्टेजवर फिरायचा, प्रत्येक दुसऱ्या वाक्यात "ट्रान्सफॉर्मेशन". मग जाहीर केलं की आमचं डिपार्टमेंट बंद. आपल्याकडे असतं तर एचआरने पुढच्याच आठवड्यात एकेकाला केबिनमध्ये बोलावून राजीनाम्यावर सही घेतली असती. इथे बेट्रीब्सराट नावाची गोष्ट असते, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती, पाच किंवा जास्त कामगारांच्या कंपनीत ती स्थापन करता येते, आणि त्या समितीशी बोलल्याशिवाय कोणाला काढता येत नाही. आमच्या समितीची बाई, साठीची, केस पांढरे, तिने त्या ट्रान्सफॉर्मेशनवाल्याला दहा महिने मीटिंगमध्ये बसवून ठेवलं. कोणाचं लग्न झालंय, कोणाला पोरं किती, कोण किती वर्षं आहे, सगळं मोजून यादी. शेवटी काही जण पैसे घेऊन गेले, मला दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये टाकलं. मला ते नवीन काम आवडत नाही, खरं सांगते, बोअर आहे. पण दहा महिने मी रात्री झोपली.

दोन हजार कामगारांच्या वरच्या कंपनीत देखरेख करणाऱ्या वरच्या बोर्डातही निम्म्या खुर्च्या कामगारांच्या असतात, १९७६ पासूनचा कायदा आहे. अर्थात मतं समसमान झाली तर अध्यक्षाचं मत दोनदा मोजतात आणि अध्यक्ष मालकांच्या बाजूचाच, म्हणजे शेवटी साहेब तो साहेबच. पण त्याला समोर बसून ऐकावं लागतं.

तासांचं सांगते, कारण तुझा सगळा जीव तिथे अडकलाय. इथे कायद्याने दोन दिवसांच्या कामात ११ तासांचा गॅप लागतो. म्हणजे तुझा कॉल रात्री अकराला संपला तर सकाळी दहाच्या आधी तुला कामाला लावता येत नाही. हे मी आमच्या एका भारतातल्या टीमच्या मॅनेजरला सांगितलं तर तो हसला, त्याला वाटलं जोक आहे. आमच्या कंपनीत युनियनचा करार आहे, आठवड्याला ३५ तास. ३५! इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना ७० तास काम करा म्हटलं, बरोबर डबल, आणि मग एल अँड टीचे चेअरमन ९० वर गेले आणि वर विचारलं की घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघाल. मला तेव्हा तान्हा पोळा आठवला. आपल्या नागपुरात तेव्हा मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे निघतात ना, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, तसा एक "९० तासांचा बडग्या" काढायला पाहिजे महाल भागातून, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत! आणि गंमत बघ, कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ मध्ये आली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं सांभाळत होते बाबासाहेब. आपण दीक्षाभूमीच्या शेजारून रोज जातो आणि ७० तासांवर टाळ्या वाजवतो. माझे बाबा बुटीबोरीत शिफ्टमध्ये काम करायचे, भोंगा झाला की सुटले, वर ओव्हरटाइमचे पैसे वेगळे. त्यांना मी तुझ्यासारख्या पोट्ट्यांचं सांगितलं तर म्हणतात, "इंजिनिअर होऊन आमच्याहून मागं गेले काय रे हे?"

आता रिसर्च. इथे मी जरा कडू बोलणार आहे.

मान असतो. प्रोफेसरला असतो. तुला मिळतो तो तारीख घालून मिळतो. माझा पीएचडीचा कॉन्ट्रॅक्ट पण ६५ टक्क्यांचाच होता, म्हणजे पगार ६५ टक्के, काम मात्र शंभर, फर्नेस काही ६५ टक्के तापत नाही ना. गाइडला इथे डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरबाप, आणि बापासारखंच, पुढच्या सहा महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा की नाही हे त्याच्या मूडवर. माझे तीन वर्षांचे साडेचार झाले, तीन वेळा मी कॉन्ट्रॅक्ट संपायच्या दोन आठवडे आधी पोटात गोळा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, प्रत्येक वेळी तो म्हणाला, "अरे हो, ते राहिलंच." माणूस वाईट नव्हता, खरंच. विसरायचा. आणि त्याच्या विसरण्यावर माझा व्हिसा.

हे फक्त माझं नाही. इथे कायदाच असा आहे, २००७ चा, की पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं टेम्पररी कॉन्ट्रॅक्टवर ठेवता येतं, तोवर कायम जागा नाही मिळाली तर बाहेर. इथल्या शिक्षण-संशोधन मंत्रालयाने हे समजावायला एक व्हिडिओ काढला होता, त्यात हॅना नावाची संशोधक दाखवली, आणि सांगितलं की एकाच पिढीने सगळ्या जागा तुंबवून ठेवू नयेत म्हणून ही सोय. तुंबवून, नाली तुंबते तसं! २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी "मी हॅना आहे" म्हणून सोशल मीडियावर आपापल्या कहाण्या टाकल्या. माझीही एक होती.

तिकडे कॅटालिन करिकोचं बघ, हंगेरीतून अमेरिकेत गेलेली शास्त्रज्ञ, एमआरएनएवर, म्हणजे कोविडच्या लशीमागच्या तंत्रावर काम करायची, ग्रँट मिळेना म्हणून १९९५ मध्ये युनिव्हर्सिटीने तिला खालच्या पदावर टाकलं. २०१३ मध्ये ती जर्मनीतल्या बायोनटेकमध्ये आली, २०२३ मध्ये नोबेल. आणि आजच्या चॅटजीपीटीसारख्या एआयच्या मुळाशी जो २०१७ चा ट्रान्सफॉर्मर नावाच्या रचनेचा पेपर आहे, तो गूगलच्या आठ जणांचा, आणि ते आठही पुढे गूगल सोडून गेले. म्हणजे चांगलं काम केलं की संस्था सांभाळून ठेवते असं नाही रे. 

मग आपल्याकडे राहू का, असं विचारशील. आपल्याकडे मी वर्षभर एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर होती, फेलोशिप सात महिने आली नाही, घरून डबा आणि बाबांकडून पेट्रोलचे पैसे. आता जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची सरकारी फेलोशिप, महिन्याला ३७,००० आहे, २०२३ पासून, बरं आहे, पण वेळेवर आली तर. देश जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, जर्मनी ३ च्या वर. इथे मला मायक्रोस्कोप हवा होता तेव्हा मिळाला, मंगळवारी मागितला तर गुरुवारी मिळाला, आणि ज्याला हात काळे करून काम करायचंय त्याला ही चैन काय असते ते शब्दात नाही सांगता येत. त्या साडेचार वर्षांत मी जे शिकली ते कुठेच शिकली नसती. म्हणून मी पीएचडी करू नको असं म्हणत नाही. मानासाठी करू नको. प्रश्न पोटातून आला असेल तर कर, मॅनेजर नको म्हणून करत असशील तर डॉक्टरबाप पण मॅनेजरच आहे, फक्त ईमेल सावकाश करतो.

नुसतं देश सोडायचं असेल तर चार वर्षांच्या अनुभवावर इथे सरळ नोकरी शोध आणि ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांच्या कामाच्या व्हिसावर ये. २०२५ साली त्याला वर्षाला ४८,३०० युरो पगार लागायचा, आयटीसारख्या टंचाईच्या कामांना थोडा कमी, दरवर्षी आकडा वाढतो. ब्लू कार्डवर जर्मन भाषेची मधली पातळी, बी-वन, झाली तर २१ महिन्यांत कायमचं राहायची परवानगी मागता येते, नुसती सुरुवातीची ए-वन असली तर २७. हे महत्त्वाचं काऊन सांगते, तर ६५ टक्के पीएचडीचा पगार बहुतेक त्या आकड्याखालीच राहतो, म्हणजे ती वर्षं ब्लू कार्डच्या हिशोबात येत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझी डिग्री आणि कॉलेज अनाबिन नावाच्या, परदेशी डिग्र्या तपासायच्या साइटवर आहे का ते आजच बघ, फुकट आहे.

पहिले सहा महिने प्रोबेशन, तेव्हा दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात आणि कारण पण सांगत नाहीत, म्हणून तेवढ्यात सोफा घेऊ नको, आईबाबांना बोलवू नको. त्यानंतर कायद्याचं संरक्षण लागतं, तेही दहाच्या वर लोक असलेल्या कंपनीत, म्हणून पाच जणांच्या स्टार्टअपमध्ये "आमची फॅमिली आहे" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. हातात पगार येईल तो लिहिलेल्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास धर, एकट्या माणसाचा टॅक्स आणि विमा गजब कापतात. पण नोकरीत वर्षभर भरलं की नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो, आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार, मला डेंग्यूत ऑफिसला जाऊन आलेले तुझे दिवस आठवतात.

थंडीचं, एकटेपणाचं सगळेच सांगतात, मी नाही सांगत. भाषेचं सांगते: मीटिंग इंग्लिशमध्ये होते, निर्णय कॉफी मशीनपाशी जर्मनमध्ये होतो. धरमपेठेत क्लास असेल तर आजच लाव, इथे येऊन शिकू म्हणणारे पाच वर्षांनी पण ब्रेड बोट दाखवून घेतात.

प्रतापनगरच्या घराचं, आईबाबांचं तू काही लिहिलं नाही, म्हणजे त्याचा विचार सगळ्यात जास्त करून राहिला. ते फोनवर बोलू.

तोवर एक कर. त्या पीएचडी ऑफरच्या कागदात "बेफ्रिस्टेट", म्हणजे मुदतीचा, हा शब्द शोध, त्याच्या पुढे तारीख असेल, त्या पानाचा फोटो पाठव, पगार झाकला तरी चालेल. शनिवारी दुपारी तुझ्याकडे संध्याकाळ असते तेव्हा पाठव, रविवारी मी फोन बंद ठेवते.