उजनीवर शिंगाळ्यासाठी पहिल्यांदा जाताना

आपण होडीतून शिंगाळा हा मिशांचा मोठा मासा धरायला उजनी धरणाच्या जलाशयावर जाणार आहात, हे वाचून आनंद झाला. महागड्या रॉडची चिंता सध्या नको. लाइफ जॅकेट मात्र होडीत ठेवू नका, अंगावर घालून नीट बांधा. मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, म्हणून आभाळ भरू लागताच, मासा लागत असला तरी, काठ गाठावा.

शिंगाळा तळाशी चरतो आणि वासावर येतो, त्यामुळे सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेला नांगर टाका. होडी वाहत राहिली, तर आमिष तळावर टिकत नाही.
- गांडूळ किंवा चिलापीचा ताजा तुकडा पुरतो.

नवशिके बहुधा पहिल्याच टिचकीला दोरा हिसकतात आणि आमिष माशाच्या तोंडातून निघून येते. रॉडचे टोक सलग वाकेपर्यंत थांबा. मासा वर आल्यावर जाळीतच घ्या, कारण त्याच्या कल्ल्यांमागचे दोन्ही काटे दातेरी असतात आणि तडफडताना तळहात फाडतात. गळ पकडीनेच काढा. स्थानिक मच्छीमारांची परवानगी आदल्या दिवशीच घ्यावी.