गृहकर्ज एकदम निल करावं का? वाचकांचे प्रश्न

फ्लॅटचं १२ लाख कर्ज बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के. तेवढीच रक्कम एफडीत आहे. कर्ज फेडलं तर करसवलत जाईल, असं सगळे म्हणतात. मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. (नाशिक)

सवलत जाईल हे खरं, पण ती तुम्हाला केवढ्याला पडते ते बघा. वर्षाचं व्याज साधारण १ लाख २ हजार. जुन्या करपद्धतीत त्यावर सेससकट ३१,८०० रुपये कर वाचतो. उरलेले सत्तर हजार खिशातूनच जातात. एफडी सात टक्क्यांची असली, तरी कर जाऊन हातात पाच टक्केही राहत नाहीत. आणि नवी करपद्धती घेतली असेल, तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच मिळत नाही. घर भाड्याने दिलं असेल तर हिशेब वेगळा, तो सीएकडून करून घ्या. नाहीतर केवळ करासाठी कर्ज चालू ठेवू नका.

पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून १६ लाख येतील. कर्ज १४ लाख, चार वर्षं बाकी. सगळं भरून मोकळा होऊ का? (कोल्हापूर)

कृपा करून सगळं भरू नका. कर्ज फेडण्यातला खरा तोटा इथे आहे. भिंतींत घातलेला पैसा अडीअडचणीला परत निघत नाही. उद्या घरात मोठं आजारपण आलं, तर दोन लाख कितीसे पुरणार? पगार थांबल्यावर घर तारण ठेवून नवं कर्ज मिळवणं कठीण असतं, आणि मिळालं तरी त्याचा दर बहुधा गृहकर्जापेक्षा जास्त असतो.

मी म्हणेन, नऊ लाख भरा, सात हाताशी ठेवा. मात्र भरताना बँकेला लेखी सांगा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा. न सांगितल्यास बँका बहुतेक वेळा मुदत कमी करतात आणि हप्ता तेवढाच राहतो. साडेआठ टक्क्यांनी आज तुमचा हप्ता साडेचौतीस हजारांच्या आसपास असेल, तो सव्वाबारा हजारांवर येईल. पेन्शनमधून तो झेपतो का, ते वहिनींबरोबर बसून ठरवा. वर्षभराने तब्येती ठीक असल्या, तर उरलेलं थोडंथोडं भरा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड घेता येत नाही, त्यामुळे घाई करण्याचं कारणच नाही.

कर्ज बंद केल्यावर सिबिल स्कोअर पडतो का? (पुणे)

कधीकधी थोडा खाली येतो, पुन्हा सावरतो. वेळेवर फेडलेलं कर्ज अहवालात चांगलंच दिसतं. यासाठी व्याज भरत राहू नका.

शेवटचा हप्ता भरला. आता काय करायचं? (ठाणे)

नो ड्यूज सर्टिफिकेट आणि मूळ खरेदीखत ताब्यात घ्या. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी सोबत न्या आणि एकेक कागद ताडून मगच सही करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने ३० दिवसांत कागद परत करून नोंदवलेला बोजाही उतरवायचा आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. बँकेचं पत्र सोसायटीलाही द्या आणि तिथल्या नोंदवहीतली कर्जाची नोंद काढून घ्या. हे राहून गेलं, तर फ्लॅट विकताना ऐनवेळी अडतं.