‘मला गेम बनवायचे आहेत’ म्हणणाऱ्या मुलाच्या आईस

स्कॉटलंडमधील ग्लासगोहून एका ताईंचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा असून शाळेत हायर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षांच्या वर्षात आहे. गणित आणि भौतिकशास्त्र त्याला चांगले येते, परंतु संध्याकाळी एकदा हेडफोन लावून बसला की चार हाका मारल्याशिवाय जेवायला उठत नाही. दिवाळीत फराळाच्या ताटावर त्याने सांगून टाकले की त्याला मेडिसिन नको, साधे कॉम्प्युटर सायन्सही नको. डंडीच्या अॅबर्टे विद्यापीठात जाऊन व्हिडिओ गेम बनवायला शिकायचे आहे. त्याचे वडील तेव्हापासून या विषयावर बोलत नाहीत, आणि सांगलीहून आजोबा दर रविवारी फोनवर विचारतात, “खेळून पोट भरणार आहे का त्याचे?” ताई विचारतात की हे व्यसन समजायचे, आवड समजायची, की पुढची वाट समजायची.

ताई, आधी व्यसनाची भीती बाजूला काढू, कारण ती मनात असताना बाकीचे काही नीट दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे, पण त्याच्या खुणा स्पष्ट सांगितल्या आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारण बारा महिने चालले आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांची घडी विस्कटली, तर तो विकार मानावा, असे त्यात म्हटले आहे. तुमचा मुलगा शाळेत जातो, अभ्यासात टिकून आहे, शनिवारी बॅडमिंटनला जातो, असे तुम्हीच लिहिले आहे. चार हाका मारल्यावर उठणारा मुलगा उठतो आहे, हे लक्षात घ्यावे. जेवणाची वेळ घालून द्या, रात्री हेडफोन खोलीबाहेर ठेवायला लावा, आणि या प्रश्नाला एवढीच जागा द्या.

खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुम्ही त्याला अजून विचारलेला दिसत नाही. तो किती तास खेळतो हे तुम्हाला ठाऊक आहे, कोणते गेम खेळतो हेही ठाऊक आहे. पण त्याने स्वतः काय बनवले आहे, याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, “तू केलेले काहीतरी मला दाखव.” त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही असेल, मग ते कितीही ओबडधोबड असो, तर तुमच्याशी पुढचे बोलणे गंभीरपणे करण्याचा त्याला अधिकार आहे. काहीच नसेल, तर रागावू नका; त्याला तीन महिने द्या आणि एक लहानसा, सुरुवात आणि शेवट असलेला खेळ पूर्ण करायला सांगा. यासाठी पैसे लागत नाहीत. युनिटी आणि अनरिअल ही गेम इंजिने, म्हणजे गेम बनवण्याची तयार सॉफ्टवेअरे, शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात, गोडो हे इंजिन तर पूर्णपणे मुक्त आहे, आणि त्रिमितीय आकृत्यांसाठी ब्लेंडर हे सॉफ्टवेअर आहे. घरात चालणारा संगणक आहेच.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. माझी मुलगी याच वाटेने गेली. ती सतरा वर्षांची असताना तिने लगोरीचा गेम करायला घेतला, कारण साताऱ्याला सुट्टीत आत्याच्या अंगणात ती लगोरी खेळली होती आणि इथल्या मैत्रिणींना तो खेळ सांगून समजत नव्हता. सात चपट्या दगडांची चळत आणि एक चेंडू, इतकेच पडद्यावर होते. पहिल्या दिवशी कोणी चेंडू मारण्यापूर्वीच ती चळत आपोआप थरथरू लागली आणि चार-पाच सेकंदांत कोसळली. मुलीने मला बोलावून ते दाखवले, तेव्हा मला वाटले की काहीतरी बिघडले आहे. बिघडले काहीच नव्हते. ते इंजिन एका सेकंदात पन्नास वेळा हिशेब करते की कोणता दगड कोणाला टेकला आहे आणि कोण कोणात किंचित घुसला आहे. प्रत्येक वेळी ते त्यांना थोडे दूर ढकलते, आणि खालच्या दगडाची केसाएवढी चूक वर चढत चढत सातव्या दगडापर्यंत पोहोचेतो मोठी होते. तिने दिसायला दगड खडबडीतच ठेवले, पण हिशेबापुरते त्यांना सपाट ठोकळे केले, प्रत्येक हिशेबात इंजिनाने जास्त फेऱ्या कराव्यात अशी सोय केली, आणि चेंडूचा स्पर्श होईपर्यंत सगळी चळत ‘झोपवून’ ठेवली, म्हणजे तोवर तिचा हिशेबच थांबवला. (या व्यवसायात हाच शब्द वापरतात, तो मला फार आवडला.) या एका चळतीत तिचे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत ती जितके भौतिकशास्त्र मन लावून वाचत होती तितके शाळेच्या परीक्षेसाठीही तिने वाचले नव्हते, आणि तेव्हाच माझी खात्री पटली की हे नुसते खेळण्याचे वेड नाही.

आता डंडीविषयी, कारण मुलाने हे नाव उगाच घेतलेले नाही. तुम्ही ग्लासगोत राहता, म्हणजे हे गाव तुमच्यापासून आगगाडीने दीड तासाच्या आत आहे, आणि या व्यवसायाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. ऐंशीच्या दशकात झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक तिथल्या टायमेक्सच्या कारखान्यात जुळवला जात असे, त्यामुळे साध्या कामगारांच्या घरांतही संगणक आला होता. एका हौशी संगणक क्लबमध्ये जमणाऱ्या मुलांपैकी डेव्हिड जोन्स हा त्याच कारखान्यात शिकाऊ अभियंता होता. कारखान्यातली नोकरी सोडताना मिळालेल्या पैशांतून त्याने अमिगा संगणक घेतला, आणि पुढे क्लबमधल्या मित्रांबरोबर डीएमए डिझाइन ही कंपनी उभी केली. 1989 मध्ये त्यांच्यापैकी माइक डेली याने जेवणाच्या सुट्टीत आठ बाय आठ ठिपक्यांत मावणारी, ओळीने चालणारी इवलीशी माणसे पडद्यावर हलवून दाखवली. एवढ्या लहान चौकटीत हालचाल स्पष्ट दिसते, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. त्यातून 1991 मध्ये ‘लेमिंग्ज’ हा जगभर गाजलेला गेम आला. 1997 मध्ये याच कंपनीने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आणला, आणि त्याच वर्षी त्याच गावात अॅबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. अशी पदवी जगात पहिलीच होती. तुमच्या मुलाचा हट्ट हवेतला नाही, हे त्याच्या वडिलांना सांगण्यासाठी इतके पुरे व्हावे.

मात्र विद्यापीठ चांगले आहे म्हणून तिथला कोणताही अभ्यासक्रम डोळे मिटून घ्यावा, असे मी म्हणणार नाही. गेमच्या व्यवसायात प्रोग्रॅमर, चित्रकार, अॅनिमेटर, ध्वनी रचणारे, डिझायनर, चाचणी घेणारे आणि सगळ्यांचे वेळापत्रक सांभाळणारे प्रोड्यूसर असे निरनिराळे लोक असतात. बहुतेक मुलांना ‘डिझायनर’ व्हायचे असते, कारण त्यांना वाटते की तो कल्पना सांगतो आणि बाकीचे ती अमलात आणतात. प्रत्यक्षात डिझायनर दिवसभर आकड्यांचे तक्ते भरत असतो, उडी किती उंच, शत्रूला किती मार, आणि नवशिक्याला ती जागा सहसा मिळत नाही. तुमच्या मुलाचे गणित चांगले आहे. त्याने प्रोग्रॅमिंगकडचा अभ्यासक्रम घ्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यात सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा, सदिश आणि मॅट्रिक्स यांचे गणित, ग्राफिक्स कार्डाचे काम हे सगळे येते आणि ते ज्ञान गेमच्या बाहेरही विकले जाते. कॉम्प्युटर सायन्सला जाऊन सुट्टीत गेम करणे हाही चांगला मार्ग आहे, आणि त्या मार्गाने आलेले पुष्कळ लोक स्टुडिओंत भेटतात.

ज्ञान बाहेरही विकले जावे, हा आग्रह मी का धरते, ते सांगते. या व्यवसायाची गेली काही वर्षे वाईट गेली आहेत. 2024 च्या एकट्या जानेवारी महिन्यात मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील 1,900 माणसे कमी केली आणि युनिटीने सुमारे 1,800. पुढच्याच महिन्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागाने सुमारे 900 जागा कमी करत असल्याचे जाहीर केले. महासाथीच्या काळात लोक घरी बसून खेळत होते तेव्हा झालेली मोठी भरती, नंतर महागलेले कर्ज आणि एकेका गेमवर चार-पाच वर्षे चालणारा खर्च, अशी त्याची कारणे आहेत. माझी मुलगी दोन वर्षे एका स्टुडिओत होती. एका मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ बैठकीत तिच्यासह अर्धा विभाग घरी गेला. पाच महिने ती आमच्याकडे राहिली. तो काळ कठीण होता आणि त्याबद्दल मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. त्यानंतर शस्त्रक्रियेचा सराव करण्यासाठी त्रिमितीय प्रणाली बनवणाऱ्या कंपनीत तिला काम मिळाले, आणि मुलाखतीत तिने जे दाखवले त्यात ती लगोरीची चळतही होती.

पैशांची बाजू वडिलांनी शांतपणे पाहावी. तुम्हाला इथे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली असेल आणि निवासाच्या अटी पूर्ण होत असतील, तर स्कॉटलंडमधील मुलांची स्कॉटलंडमधील विद्यापीठाची शिकवणी फी सरकार भरते. कुटुंब अजून कामाच्या व्हिसावर असेल, तर परदेशी विद्यार्थ्याची फी लागू शकते, आणि ती अनेक पट असते. म्हणून अर्ज भरण्याआधी सरकारी विद्यार्थी-साहाय्य संस्थेकडे लेखी चौकशी करा. मंडळातल्या कोणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हा फरक प्रवेशपत्र हातात पडल्यावर कळला.

तुम्ही लिहिले आहे की तो खेळताना कोणाशी तरी सतत बोलत असतो आणि मध्येच ओरडतो. आपण ज्याला कट्टा म्हणतो, तो त्याचा तिथे आहे. परक्या देशात, चार वाजता अंधार पडणाऱ्या हिवाळ्यात, त्याचे मित्र त्याला त्या हेडफोनमध्ये भेटतात. कट्ट्यावर शिवीगाळ होते, तशी तिथेही होते, आणि नावावरून किंवा उच्चारावरून भारतीय मुलांना बोल लावणारेही असतात. अनेक मुली तर आपला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून माइक बंद ठेवतात. त्याविषयी त्याला थेट विचारा. “कोणी तुला काही बोलते का, आणि तू कोणाला काही बोलतोस का?” हे दोन्ही प्रश्न विचारा. पुढे तो ज्यांच्यासाठी खेळ बनवेल, ते हेच लोक आहेत.

सांगलीच्या आजोबांसाठी एक काम सुचवते. मुलाचा पहिला लहान खेळ तयार झाला की तो त्यांच्या फोनवर पाठवावा आणि व्हिडिओ कॉल लावून त्यांना खेळायला सांगावे. अट अशी की मुलाने तोंडातून एक शब्दही काढायचा नाही. आजोबा कुठे अडतात, कुठे बोट चुकते, कोणते बटण त्यांना दिसतच नाही, हे फक्त वहीत लिहून घ्यायचे. मोठे स्टुडिओ यासाठी मुद्दाम अनोळखी माणसांना बोलावतात. ती वही मिळाली की मला तिच्या पानांचे छायाचित्र पाठवा. पुढच्या पत्रात आपण तिच्यावरून बोलू.